वाचकांचे प्रश्न : गाडीची नंबर प्लेट आणि तिचे नियम

जुन्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजेच एचएसआरपी, बसवण्याची मोहीम महाराष्ट्रात सुरू झाल्यापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत नंबर प्लेटचा विषय सतत येतो आहे. त्यांतील काही पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. मोटार वाहन निरीक्षक म्हणून नोकरीची बरीच वर्षे मी रस्त्यावर गाड्या तपासण्यात घालवली आहेत, त्यामुळे जिथे नियमाच्या जोडीला अनुभव सांगणे उपयोगाचे वाटले तिथे तोही सांगितला आहे.

प्रश्न : माझी मोटार २०१४ सालची आहे. तिची पाटी स्वच्छ आहे, अक्षरे ठसठशीत आहेत आणि आजवर एकाही पोलिसाने तिला हरकत घेतलेली नाही. असे असताना नव्या पाटीसाठी पुन्हा पैसे का मोजावेत? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपली पाटी नियमाच्या मापात असेल याबद्दल मला शंका नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ५० मध्ये पाटी कशी व कुठे लावावी हे दिले आहे, तर नियम ५१ मध्ये अक्षरांची व अंकांची मापे आहेत. मोटारीच्या पाटीवरील प्रत्येक अक्षर व अंक ६५ मिलिमीटर उंच असावा, त्याच्या रेषेची जाडी १० मिलिमीटर असावी आणि दोन अक्षरांमध्ये १० मिलिमीटर जागा असावी. मोटरसायकलच्या मागच्या पाटीवर अक्षरे ३५ व अंक ४० मिलिमीटर उंचीचे लागतात, आणि पुढच्या पाटीवर दोन्ही ३० मिलिमीटरचे चालतात. आपण घरची पट्टी घेऊन मोजलेत तर ही मापे आपल्या पाटीवर जुळतीलही.

अडचण मापाची नसून ती पाटी कोण तयार करू शकतो याची आहे. ज्या दुकानदाराने आपल्याला ही पाटी करून दिली, तो याच क्रमांकाची दुसरी पाटी दुसऱ्या कोणालाही पंधरा मिनिटांत करून देऊ शकतो, आणि त्यासाठी आरसी बुक मागण्याचे बंधन तो पाळेलच असे नाही. चोरीची गाडी आपल्याच रंगाची व मॉडेलची निवडून तिच्यावर आपला क्रमांक लावला, तर रस्त्यावरच्या माणसाला फरक कळण्याचा काहीही मार्ग उरत नाही.

एचएसआरपी जवळून पाहिली की हा फरक कुठे केला आहे ते लक्षात येते. एक मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर क्रमांक ठोकून उठावदार केलेला असतो, आणि अक्षरांवरच्या काळ्या थरात ‘इंडिया’ हा शब्द ४५ अंशांच्या तिरक्या कलात निळ्या रंगात बारीक छापलेला असतो. वरच्या डाव्या बाजूला अशोकचक्राचा २० मिलिमीटर लांबी-रुंदीचा, क्रोमियमचा होलोग्राम असतो, त्याखाली निळी ‘आयएनडी’ ही अक्षरे असतात, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात लेझरने कोरलेला एक कायमचा क्रमांक असतो. हा क्रमांक पुढच्या आणि मागच्या पाटीचा वेगवेगळा असतो व त्याची नोंद आपल्या गाडीच्या नोंदीशी जोडलेली असते. पाटी बसवायची ती साध्या स्क्रूने नव्हे, तर स्नॅप लॉकने. तो एकदा दाबून बसवला की पुन्हा सोडवता येत नाही, फोडावाच लागतो. मोटारीच्या पुढच्या काचेवर आतून, डाव्या वरच्या कोपऱ्यात तिसरी नोंदणी पाटी म्हणून एक स्टिकरही लावावा लागतो. पेट्रोल व सीएनजीसाठी तो फिकट निळा, डिझेलसाठी नारिंगी आणि इतर इंधनांसाठी करडा असतो.

ही योजना काल-परवाची नाही. तिची पहिली अधिसूचना २८ मार्च २००१ची आहे. त्यानंतर अनेक वर्षे न्यायालयीन सुनावण्यांत गेली, आणि १ एप्रिल २०१९पासून नव्या गाड्यांना ही पाटी उत्पादकानेच द्यावी असे ठरले. महाराष्ट्रात त्याआधीच्या गाड्यांसाठी मोहीम सुरू झाली तेव्हा मूळ मुदत ३१ मार्च २०२५ होती, ती पुढे वेळोवेळी वाढवण्यात आली. दुचाकी व ट्रॅक्टरसाठी ४५०, तीनचाकीसाठी ५०० आणि मोटारी व इतर वाहनांसाठी ७४५ रुपये असे दर शासनाने ठरवून दिले. त्यांवर १८ टक्के जीएसटी धरला की दुचाकीला ५३१ आणि मोटारीला ८७९ रुपये १० पैसे होतात.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. नोंदणी फक्त परिवहन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन, आपले आरटीओ कार्यालय निवडून, तिथल्या दुव्यावरूनच करावी. शोधयंत्रात ‘नंबर प्लेट’ असे टाकले की पहिल्या ओळीत दिसणारे पान अधिकृत असतेच असे नाही, आणि खोट्या पानांवर पैसे भरून बसलेली माणसे मला भेटली आहेत. त्याचप्रमाणे बाजारात मिळणारी, हुबेहूब दिसणारी आणि होलोग्रामसारखा चिकटपट्टीचा तुकडा लावलेली पाटी घेऊ नये. तिच्यावर लेझरचा क्रमांक असला तरी तो कोणत्याही नोंदीत सापडत नाही.

प्रश्न : वडिलांची २०११ सालची स्कूटर मी वापरतो. वडिलांचे मागील वर्षी निधन झाले. स्कूटर अजून त्यांच्याच नावावर आहे. आधी नाव बदलावे की आधी पाटी बसवावी? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आधी पाटी. ती गाडीला मिळते, मालकाला नव्हे. नोंदणी क्रमांक, चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक जुळले की ती तयार होते, आणि तिच्यामुळे मालकीत काहीही बदल होत नाही. उलट, एचएसआरपी नसलेल्या जुन्या वाहनांची मालकी हस्तांतरण, पत्ता बदल, बोजा चढवणे-उतरवणे ही कामे महाराष्ट्रात अडवली जातात, त्यामुळे क्रम उलटा केला तर आपल्याला दोनदा खेटे घालावे लागतील.

मालकाच्या मृत्यूनंतरचा नियम बहुतेकांना ठाऊक नसतो, म्हणून तोही नोंदवतो. मृत्यूपासून तीस दिवसांच्या आत वारसाने आरटीओला कळवले, तर तो तीन महिने ती गाडी वापरू शकतो, आणि त्याच तीन महिन्यांत त्याने नमुना ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यायची असते. आपली ही मुदत उलटून गेली आहे, तरी अर्ज थांबवू नये. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि विमा ही कागदपत्रे आजच एका जागी काढून ठेवावीत. उशिराचा दंड भरावा लागेल, पण मृत व्यक्तीच्या नावाने गाडी चालवत राहण्यात विम्याच्या दाव्याचा जो गुंता होतो, त्यापुढे तो दंड किरकोळ आहे.

प्रश्न : आपण महाराष्ट्रात राहतो, राज्याची राजभाषा मराठी आहे. मग नंबर प्लेट देवनागरी अंकांत का चालत नाही? माझ्या मोटरसायकलला याच कारणाने दंड झाला. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्या पत्रामागची भावना मी जाणतो, आणि माझ्या दुचाकीच्या मडगार्डवरही एके काळी देवनागरी क्रमांक होता हे प्रांजळपणे सांगतो. नियम मात्र स्पष्ट आहे : नोंदणी क्रमांकातील अक्षरे इंग्रजी आणि अंक अरबी, म्हणजे जगभर चालणाऱ्या रूपातले असले पाहिजेत. हे अंक मुळात भारतीयच आहेत. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४३ मध्ये त्यांना भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप म्हटले आहे.

कारण भाषेच्या मानापमानाचे नाही. नाशिकचा कांदा घेऊन निघालेला ट्रक चेन्नईला पोहोचतो, आणि वाटेत कुठे त्याने एखाद्या पादचाऱ्याला उडवले तर तिथल्या चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्या माणसाला तो क्रमांक एका दृष्टिक्षेपात वाचता आला पाहिजे. हेच उलट बाजूने पाहा. तमिळ किंवा गुजराती अंकांची पाटी लावलेली गाडी पुणे-नाशिक रस्त्यावर आपल्याला धडकून निघून गेली, तर आपण पोलिसांना काय सांगणार?

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका अपघाताच्या चौकशीला मी गेलो होतो. पायी शाळेत निघालेल्या मुलाला धडक देऊन जीप पळाली होती. पाहणारी एक बाई होती, डोक्यावर गवताचा भारा. तिने जीप नीट पाहिली होती, पाटीही पाहिली होती, पण पाटीवरची अक्षरे वेलबुट्टीसारखी वळणदार काढलेली होती. “साहेब, नंबर व्हता, पर त्यो वाचाया नव्हता,” असे ती मला म्हणाली. ती जीप सापडली नाही. त्या दिवसापासून माझे मत असे झाले आहे की पाटी गाडीच्या पुढे-मागे असली तरी ती मालकासाठी नसते. समोरून येणाऱ्यासाठी आणि मागे पडलेल्यासाठी ती असते.

मराठीचा अभिमान गाडीवर जरूर मिरवावा. बॉडीवर, मागच्या काचेच्या कडेला, ट्रकच्या फाळक्यावर जागा भरपूर आहे. पाटीची जागा तेवढी सोडावी.

प्रश्न : मुलाने हौसेने पसंतीचा क्रमांक ४१४१ घेतला आणि त्यासाठी सरकारला रीतसर शुल्क भरले. आता तो पाटीवर ‘दादा’ असे दिसेल अशा पद्धतीने लिहून घ्यायचे म्हणतो. शुल्क भरले असल्याने हे चालेल का? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : चालणार नाही. शुल्क भरून आपल्या मुलाला तो क्रमांक राखून मिळाला, त्याचा आकार बदलण्याची परवानगी मिळाली नाही. आंतरराष्ट्रीय अंकातला ४ थोडा वळवून त्याचा ‘द’ केला आणि एकला काना बनवले की ‘दादा’ होते, २१४ चा ‘राम’ होतो, ८०५५ चे इंग्रजी ‘बॉस’ होते. हे सगळे प्रकार तपासणीत मी शेकड्यांनी पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी वाचणाऱ्याला शब्द लक्षात राहतो, क्रमांक राहत नाही. कॅमेऱ्यालाही तो वाचता येत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० आणि त्यानंतर १,५०० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शिवाय नव्या गाडीला कारखान्याची एचएसआरपीच येते, तिच्यावर असे काही करायचे तर ती काढावी लागेल, आणि तसे करणे हा आणखी एक भंग ठरेल. ‘पोलीस’, ‘प्रेस’, पक्षाचे चिन्ह, जातीचे नाव हेही पाटीवर लिहिता येत नाही.

प्रश्न : माझ्या मोटारीच्या क्रमांकावर एका अशा शहरातले ई-चलन आले आहे, जिथे मी त्या दिवशी गेलोच नव्हतो. मी दंड भरून मोकळा होऊ का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : कृपया भरू नका. पाचशे-हजार रुपयांसाठी कटकट नको असे आपल्याला वाटत असेल, पण दंड भरला की ती गाडी आपली होती हे आपणच मान्य केल्यासारखे होते, आणि उद्या त्याच गाडीने कोणाला उडवले तर पहिला दरवाजा आपला ठोठावला जाईल.

पहिले काम म्हणजे चलनासोबतचे छायाचित्र उघडून ते मोठे करून शांतपणे पाहणे. दोन शक्यता असतात. एक म्हणजे क्रमांक वाचण्यात चूक झालेली असते. इंग्रजी ‘बी’ आणि आठ, ‘डी’ आणि शून्य यांची गल्लत रात्रीच्या छायाचित्रात सहज होते. अशा वेळी गाडीचा प्रकारच वेगळा दिसतो, चलन मोटारीचे आणि चित्रात टेम्पो, आणि काम लवकर मिटते. दुसरी शक्यता गंभीर आहे : कोणीतरी आपला क्रमांक दुसऱ्या गाडीवर लावलेला असतो. तेव्हा बारकावे शोधावे लागतात. चाकांच्या कॅप, टपावरचे कॅरिअर, आरशाचा रंग, मागच्या काचेवरचा स्टिकर, बंपरवरचा ओरखडा. आपल्या गाडीला एचएसआरपी असेल आणि चित्रातल्या गाडीला साधी पाटी असेल, तर तो सर्वांत बोलका पुरावा असतो.

मग आपल्या गाडीची चारही बाजूंनी, त्याच कोनातून छायाचित्रे काढावीत. त्या दिवशी गाडी कुठे होती हे दाखवणारे जे काही असेल ते जमवावे : फास्टॅगची नोंद, सोसायटीच्या प्रवेशद्वारावरच्या वहीतली नोंद, सर्व्हिसिंगची पावती. राज्याच्या वाहतूक ई-चलन संकेतस्थळावर तक्रारीची सोय आहे, तिथे हे सर्व जोडून तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा. बनावट पाटीचा संशय असेल तर एवढ्यावर थांबू नये. जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच सही-शिक्क्यानिशी घ्यावी, कारण हा केवळ वाहतुकीचा भंग नसून बनावटीकरणाचा गुन्हा आहे. त्या पोचेची एक प्रत आपल्या आरटीओलाही द्यावी. पुढे आणखी चलने आली तर, आणि ती बहुधा येतात, प्रत्येक वेळी हीच पोच कामाला येते.

प्रश्न : माझ्या विजेवरच्या स्कूटरला हिरवी पाटी आहे, पण शेजारच्या मुलीच्या विजेवरच्या गाडीला पाटीच नाही. हे कसे? (एक वाचक, लातूर)

उत्तर : दोन्ही बरोबर असू शकते. विजेवरच्या वाहनांना २०१८पासून हिरवी पार्श्वभूमी आहे. खासगी वाहनावर अक्षरे पांढरी आणि प्रवासी किंवा माल वाहणाऱ्या वाहनावर पिवळी. मात्र ज्या गाडीच्या मोटरची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत आहे, ती ठरलेल्या अटींत बसत असेल तर कायद्याने मोटार वाहनच ठरत नाही. तिला नोंदणी नाही आणि पाटीही नाही. शेजाऱ्यांनी खरेदीच्या कागदांवर शक्ती आणि वेग पाहून घ्यावा. वेग वाढवून घेतलेली गाडी या सवलतीत बसत नाही.

प्रश्न : बेळगावहून बदली होऊन मी गडहिंग्लजला आलो. मोटार केए-२२ पासिंगची आहे. एमएच-०९ पाटी कधी घ्यावी लागेल? (एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यातली गाडी सलग बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे राहिली की नवा क्रमांक घ्यावा लागतो. केवळ परराज्याची पाटी दिसली म्हणून या मुदतीत आपल्याला दोषी धरता येत नाही. येथे आल्याची तारीख दाखवणारा बदलीचा आदेश गाडीत ठेवावा. बारा महिने संपेपर्यंत वाट पाहू नये. मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र नमुना २८ वर मिळवावे लागते, गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती लागते, मग येथे नमुना २७ वर अर्ज करून गाडीच्या वयाप्रमाणे महाराष्ट्राचा कर भरावा लागतो, आणि कर्नाटकात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागण्याचा अर्ज तिकडे वेगळा करावा लागतो. नवा क्रमांक मिळाल्यावर जुनी पाटी जमा करावी.

आपली नोकरी केंद्र किंवा राज्य सरकारची, संरक्षण दलाची, सार्वजनिक उपक्रमाची अथवा चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपनीची असेल, तर सप्टेंबर २०२१पासून सुरू झालेल्या ‘बीएच’ मालिकेचा विचार करावा. पुन्हा बदली झाली तरी ती पाटी बदलावी लागत नाही, आणि कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो. बदलीच्या नोकरीवाल्यांची खरी सोय झाली ती याच निर्णयाने असे मी मानतो.

प्रश्न : गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून रात्री मोटरसायकल चालवणे जिवावर येते. कित्येक ट्रॉल्यांना मागे पाटीच नसते. ट्रॉलीला नंबर प्लेटची सक्ती नाही का? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : आहे. कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हे मोटार वाहनच आहे, म्हणून त्याची स्वतंत्र नोंदणी आणि स्वतःची पाटी लागते. पुढच्या ट्रॅक्टरला पाटी आहे एवढ्याने भागत नाही, आणि दोन ट्रॉल्या जोडल्या असतील तर मागच्या ट्रॉलीचीही पाटी हवी. मागच्या पाटीवर पांढरा उजेड पडेल असा दिवा लागतो, आणि त्या उजेडात क्रमांक मागून १५ मीटर अंतरावरून वाचता आला पाहिजे, असाही नियम आहे.

प्रत्यक्षात काय होते ते आपण रोज पाहता. ट्रॉली रिकामी असताना पाटी दिसते. मोळ्या रचल्या की शेंडे मागे हात-दोन हात लोंबतात आणि पाटी, दिवा, तांबडा परावर्तक हे सारे पाचटाखाली जाते. मागून येणाऱ्याला दिसते ती फक्त अंधारात हलणारी काळी भिंत. ट्रॉलीवाल्या शेतकऱ्यांना आणि वाहतूक ठेकेदारांना माझी विनंती आहे की भरणी झाल्यावर कोयत्याने मागचे शेंडे छाटावेत, दिव्याची तार जोडली आहे ना ते पाहावे, आणि पाटी फाळक्याच्या खाली, चेसिसच्या मागच्या आडव्या पट्टीवर बसवावी. तिथे उसाचा भार पोहोचत नाही. या कामाला पाच मिनिटे पुरतात. आपणही विनापाटी ट्रॉली दिसल्यास कारखान्याच्या शेतकी विभागाला कळवावे, कारण कोणती ट्रॉली कोणत्या गटातून, कोणाच्या नावावर वजनकाट्यावर आली याची नोंद तिथे असते.